हवापालट

माणूस बिघडला की त्याला गावाला धाडावे, ही आपल्याकडची फार जुनी चिकित्सा. क्षय झाला तर पाचगणी, आणि दारू लागली तर कोकण. माझ्या एका मावसभावाला असेच मालवणकडे पाठवले होते. पहाटेचे समुद्रस्नान, पेजेचा नाश्ता आणि आजीची नजर यांवर तीन महिन्यांत गडी चांगला गुटगुटीत झाला. तो मुंबईला परतला त्या दिवशी मावशीने पुरणपोळ्या केल्या. चौथ्या दिवशी जेवणाचा डबा जसाच्या तसा घरी आला, आणि मावशीने काही न विचारताच तो उघडून पोळ्या गाईला घातल्या.

हे सारे आठवले ते एका परक्या मुलखातल्या चित्रपटामुळे. त्याचे नाव 'इग्ला', म्हणजे सुई. सोव्हिएत संघाच्या अखेरच्या काळात, १९८८ साली, अल्मा-अताच्या कझाखफिल्म या संस्थेने तो काढला. दिग्दर्शक रशीद नुगमानोव तेव्हा अजून विद्यार्थीच होता, आणि त्याने नायक निवडला तोही नट नव्हे. व्हिक्टर त्सोय हा लेनिनग्राडचा गाणारा. त्याच्या वाद्यवृंदाचे नाव 'किनो', म्हणजे चक्क सिनेमा! हजारो पोरे ज्याची गाणी टेपवरून टेपवर उतरवून घेत होती, तो स्वतः एका बॉयलरघरात कोळसा ओढत होता. त्या राज्यात नोकरीवाचून राहणे हा गुन्हा होता, आणि बॉयलरमन हा हुद्दा कवीलाही चालत असे. डॉक्टरच्या भूमिकेतला प्योत्र मामोनोव हाही गवईच. नटांवाचून काढलेला हा चित्रपट, पण १९८९ सालच्या उत्कृष्ट नटाचा मान 'सोव्हिएत्स्की एक्रान' या नियतकालिकाच्या वाचकांनी त्सोयलाच दिला.

कथा म्हटली तर गुन्हेगारीची. मोरो नावाचा तरुण उधारी वसूल करायला अल्मा-अताला येतो आणि दीना या जुन्या मैत्रिणीकडे उतरतो. तिला मॉर्फिनचे व्यसन लागलेले असते. ते पुरवणारा आहे एक सर्जन, आणि तिचे घर म्हणजे त्याची कोठी. मारामाऱ्या आहेत, गुंड आहेत. ते सारे मला यथातथाच वाटले. मध्येच रेडिओ आणि दूरचित्रवाणीचे तुकडे कानावर येत राहतात. चित्रपटच सोव्हिएत दूरचित्रवाणीला अर्पण केलेला आहे, हा थट्टेचा भाग. पण त्या देशात मादक औषधांचा प्रश्नच नाही असे सरकार वर्षानुवर्षे सांगत आले होते, आणि इथे तर डॉक्टरच विष देतो आहे. प्रेक्षकांना हे किती झोंबले असेल!

मी मात्र गुंतून राहिलो तो मधल्या भागात. मोरो काय करतो? आमच्या मावशीने जे केले तेच. दीनाला घेऊन तो अरल समुद्राकाठी जातो. आणि तिथे समुद्र नाही! क्षितिजापर्यंत भेगाळलेली माती, वर पांढरे मीठ, आणि वाळूत रुतलेली गंजकी जहाजे. हे काही नेपथ्य नव्हे. आमूदर्या आणि सिरदर्या या दोन नद्यांचे पाणी १९६० नंतर कापसाच्या शेतांकडे वळवले गेले आणि जगातला चौथ्या क्रमांकाचा तो जलाशय आटत गेला. चित्रपट निघाला त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९८७ साली, त्याची दोन शकले झाली. जिथे कोळी जाळी टाकीत तिथे उंट फिरू लागले. (पुढे २००५ साली कझाखस्तानने बांध घातल्यावर उत्तरेकडच्या शकलात पाणी चढले, मासेही आले, दक्षिणेकडचे बहुतेक वाळवंटच आहे.) अशा जागी माणसाला बरे करायला न्यायचे! आणि तरीही ती सावरते. तो फारसे काही बोलत नाही. उपदेश नाही, शपथा नाहीत. नुसता जवळ असतो. त्सोयला अभिनय येत नव्हता म्हणतात ते खरेच असावे, पण रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याला तो कशाला हवा?

मग दोघे शहरात परततात, आणि पुढचे मी आधीच ओळखले होते. घर तेच, सर्जन तोच, सुई तीच. कोकणातल्या त्या तीन महिन्यांचा हिशेब आमच्याकडे कुणी कधी मांडला नाही. ते वाया गेले असे सगळे धरूनच चालले. अरलकाठचे दिवस पाहताना मला तसे म्हणवेना.

शेवटी बर्फाळ वाटेवर एक अनोळखी माणूस मोरोकडे विस्तव मागतो. मोरो देतो, आणि तो माणूस त्याच्या पोटात सुरा खुपसून निघून जातो. मोरो गुडघ्यांवर येतो. मग उठतो आणि रक्ताचे थेंब सांडीत त्या पांढऱ्या वाटेने चालू लागतो. त्सोयचेच गाणे वाजत राहते. १५ ऑगस्ट १९९० रोजी लाटव्हियात मोटार अपघातात तो गेला. वय अवघे अठ्ठावीस. २०१८ साली अल्माटीच्या त्याच रस्त्यावर त्याचा पुतळा उभारला गेला.

मोरो पुढे जगला की मेला यावर अजून वाद होतात. मला त्यापेक्षा तो कुठे चालला होता याचीच चुटपुट लागली. मला आपले वाटते, दीनाच्या घराकडे. चित्रपटात तसे कुठेच सांगितलेले नाही.