टिक करण्याआधी

मरोळच्या एमआयडीसीत मसाला पॅकिंगच्या कामाला लागले, तेव्हा मला वाटलं होतं, आपण मशीनवर बसणार. बारावी झालेली, इंग्रजी वाचता येतं. पहिल्याच दिवशी हातात ब्रश आणि पांढरं फडकं आलं. जरीमरीला घरी येऊन अम्मीला म्हणाले, "साफसफाईच करायची तर घरी काय कमी होती?" अम्मी म्हणाली, "घरची तरी नीट करतेस का, ते आधी सांग."

मला शिकवायला एक मावशी होत्या. त्यांचा क्रम ठरलेला. आधी मेन स्विच बंद करून तशी पाटी अडकवायची. सील मारणारे जॉ गरम असतात, ते थंड होऊ द्यायचे. आदल्या मालाची पाकिटं, फिल्मचा रोल, खोके सगळं हलवायचं. नाहीतर जुन्या छपाईत नवा माल जातो. मग वरून खाली यायचं: हॉपर, त्यातला स्क्रू, माल सोडणारी नळी, टेबल आणि सगळ्यात शेवटी फरशी. फरशी आधी झाडली तर वरची पूड पुन्हा खाली पडते. पाणी शक्यतो वापरायचं नाही. ओल राहिली की गुठळ्या होतात, बुरशी धरते. हवेचा पाइपही मारायचा नाही, कारण पूड उडून शेजारच्या मशीनवर जाऊन बसते. ब्रश, खरवडणी आणि व्हॅक्यूम, बस.

"आमच्या वुजूसारखंच आहे," मी म्हणाले. "नखाएवढी जागा कोरडी राहिली तरी वुजू होत नाही." मावशी हसल्या. "मग तुला काय शिकवायचं, पोरी!"

पण शिकायचं राहिलंच होतं. दोन महिन्यांनी एकदा शेंगदाण्याच्या चटणीनंतर त्याच मशीनवर गरम मसाला लावायचा होता. खाली टेम्पो उभा, सुपरवायझर घाई करत होते. स्क्रू काढून परत बसवायचा म्हणजे वीस मिनिटं जातात. मी हॉपर वरवर पुसला, रजिस्टरमध्ये टिक करून सही केली. मावशींनी पलीकडच्या टेबलावरून विचारलं, "स्क्रू काढलास ना?" मी म्हणाले, "हो."

तासाभरानं जेवायला बसले, तेव्हा समोर गरम मसाल्याचं रिकामं पाकीट होतं. मागची बारीक अक्षरं वाचली. शेंगदाण्याचं नाव कुठेच नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. शेंगदाणा, दूध, गहू, सोया, अंडी, मासे अशा ॲलर्जी देणाऱ्या पदार्थांची नोंद पाकिटावर करावी लागते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे 2020 चे लेबलचे नियम तसे आहेत. आमच्या मजल्यावर एक मुलगा आहे, त्याला शेंगदाणा चालत नाही. त्याची आई दुकानात प्रत्येक पाकीट उलटून वाचते. अक्षरांवर विश्वास ठेवण्याशिवाय तिच्या हातात काय आहे?

घास खाली उतरेना. उठून सुपरवायझरना सांगितलं. मशीन थांबलं. स्क्रू बाहेर काढला, तर त्याच्या पेऱ्यांत तेलकट चटणी थापल्यासारखी बसलेली. तोवर भरलेली सगळी पाकिटं बाजूला काढली. टेम्पो रिकामा गेला. मी ओरडा खाल्ला, त्याचं काही नाही. पण माझ्यामुळे आणखी तिघींना दोन तास थांबावं लागलं. त्यातल्या एकीला बालवाडीतून मूल आणायचं होतं. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मावशी एवढंच म्हणाल्या, "स्क्रू राहिला ते धुता येतं गं. 'हो' म्हणालीस, ते कशानं धुवायचं?"

आता नव्या मुलींना मी शिकवते. त्याही पहिल्या दिवशी फडक्याकडे बघून तोंड वाकडं करतात. मी काही बोलत नाही. फक्त रजिस्टर माझ्याजवळ ठेवते. आधी स्क्रू हातात घेऊन यायचा, पांढऱ्या फडक्यानं माझ्यासमोर पुसायचा. फडकं पांढरंच राहिलं, तर पेन मिळतं.