मुठीचा प्रश्न

निवड करण्याचा प्रसंग आला म्हणजे मनुष्य प्रथम वस्तूकडे पाहतो आणि सर्वांत शेवटी स्वतःकडे. हा क्रम उलटा असता, तर बाजारातले निम्मे सौदे झालेच नसते. एरवी असले तत्त्वज्ञान मला सुचण्याचे कारण नव्हते. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याने अमेरिकेहून एक विलक्षण प्रश्न मजकडे धाडला, आणि लोणंदसारख्या कांद्याच्या पेठेच्या गावी बसून पिस्तुलाच्या तीन नमुन्यांचा विचार करणे मला भाग पडले.

पुतण्या लोणंदचाच. टेक्सासमध्ये त्याचे लहानसे दुकान असून ते रात्री दहापर्यंत उघडे असते. शेजारच्या दुकानात कोणी शस्त्र दाखवून गल्ला लुटला, तेव्हापासून आपल्यापाशीही पिस्तुल असावे असे त्याच्या मनाने घेतले. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे आधी परवान्याची खटपट करावी लागते. तिकडे दुकानात जाऊन ‘हे दाखवा, ते दाखवा’ म्हणता येते. त्याला हवे होते १९११ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेले प्रसिद्ध पिस्तुल. पण त्याच्या तीन लांब्या पाहून तो गोंधळला, आणि मी कॉलेजात पुष्कळ वर्षे राष्ट्रीय छात्रसेनेचा अधिकारी होतो एवढ्याच भांडवलावर त्याने मला तज्ज्ञ ठरविले. माझी तज्ज्ञता .२२ च्या रायफलीपुढे गेलेली नाही, हे त्याला कळविले. तरी त्याचे समाधान होईना.

या पिस्तुलाच्या कर्त्याचे नाव मात्र मला परके नव्हते. जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या यूटा प्रांतातला कारागीर. पण महाराष्ट्राच्या इतिहासात त्याचे नाव १९०९ सालीच येऊन गेले आहे. त्या वर्षी सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर, पेटीच्या चोरकप्प्यातून, वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठविली. त्यांपैकी एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात ते फासावर गेले. ते पिस्तुल निराळे, आकाराने लहान. पण कल्पक तोच. त्या विद्यार्थ्यापुढे नमुन्यांची यादी कोणी ठेवली नव्हती. जे आले ते त्यांनी हाती घेतले; निवड करावयाची ती कृत्याची होती, आणि तिची किंमत त्यांना आधीच ठाऊक होती. माझ्या पुतण्याची स्थिती नेमकी उलट. यादी पुढे होती, किमती छापलेल्या होत्या. कृत्याचा विचार तेवढा राहिला होता.

यादीतला पहिला नमुना मूळचा : नळी पाच इंच, वजन सुमारे अकराशे ग्रॅम, पोटात .४५ ची सात काडतुसे. १९११ च्या चाचणीत त्याने सहा हजार गोळ्या एकदाही न अडखळता झाडल्या आणि २९ मार्च रोजी सैन्यात प्रवेश मिळविला. तेथून त्याची जागा दुसऱ्या पिस्तुलाला देण्याचे ठरले ते १९८५ साली. दुसरा नमुना सव्वाचार इंची. दुसऱ्या महायुद्धानंतर अधिकाऱ्यांसाठी हलके हत्यार हवे झाले, तेव्हा कोल्ट कंपनीने मुठीकडचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा करून तो काढला. तिसरा साडेतीन इंची. तो १९८५ साली आला. पुतण्याचे मन या तिसऱ्यावर बसले होते. सदऱ्याखाली लपतो, हा त्याचा मोठा गुण!

मी त्याला लिहिले, की लांबी कमी होते ती फुकट होत नाही. गोळी तीच, दारू तीच. पण झाडताना जो हिसका बसतो तो पेलायला लोखंड कमी, म्हणून उरलेला हिसका मनगटाने सोसायचा. शिवाय या यंत्राची सारी कला तालात आहे. गोळी सुटताच वरचा पोलादी साचा मागे सरकतो, रिकामे टरफल बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना नवे काडतूस नळीत ढकलतो. साच्याचे वजन, स्प्रिंगचा जोर आणि धावेची लांबी ही तिन्ही एकमेकांशी जुळलेली. शार्दूलविक्रीडितातली चार अक्षरे गाळली म्हणजे धाकटे शार्दूलविक्रीडित तयार होत नाही. वृत्तच नवे बांधावे लागते. साडेतीन इंची पिस्तुलाच्या नळीची आणि स्प्रिंगांची रचना अशीच नव्याने बांधावी लागली, आणि काडतुसांच्या जातीविषयी व साफसफाईविषयी ते थोरल्यापेक्षा अधिक हट्टी असते.

‘तेव्हा इंच मोजू नकोस,’ मी लिहिले, ‘पिस्तुल राहणार कोठे ते ठरव. अंगावर लपवून वागवायचे असेल तर धाकटे. दिवसभर कमरेला बाळगायचे असेल तर मधले. दुकानाच्या खणात राहणार असेल तर थोरले. खणाला सदरा नसतो.’

इथवर माझे काम सोपे होते. पण पुढे सूनबाईंचाच फोन आला. दुकानात अर्धा वेळ त्या एकट्या असतात. म्हणजे पिस्तूल जितके पुतण्याचे तितकेच त्यांचे. त्यांची बोटे आखूड. मला आमच्या बाजारातल्या बायका आठवल्या. कांद्याची पात कापायला विळा घेणारी बाई पात्याची चमक आधी पाहत नाही. मूठ धरते, मनगट दोनदा फिरविते, आणि जमले नाही तर विळा मुकाट्याने परत ठेवते. अमेरिकन सैन्यालाही हे शहाणपण पंधरा वर्षांनी सुचले. १९२६ च्या सुधारलेल्या नमुन्यात त्यांनी चाप आखूड केला आणि त्यामागे बोटासाठी दोन्ही बाजूंनी खोबण घेतली. मुठीची पाठ फुगविली. आणि मागे येणारा घोडा अंगठ्याजवळची कातडी चिमटीत धरी, म्हणून तेथले शेपूट लांबविले. नळी इंचभरही बदलली नाही. जे बदलले ते हातासाठी. म्हणून तिन्ही पिस्तुले आधी तालमीच्या मैदानावर स्वतः झाडून पाहा, असे मी सूनबाईंना सुचविले.

त्यांनी ते केले. थोरले जड खरे, पण हाताला तेच सर्वांत सौम्य लागले, असे त्यांनी कळविले. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘काका, आणखी एक विचारायचे राहिले. या तिघांत आमच्या बाळाला न उघडणारे कोणते?’

बाळ सात वर्षांचा आहे.

या पिस्तुलाला जपणुकीच्या दोन कळा असतात. एक अंगठ्याने लावायची. दुसरी मुठीच्या पाठीला, ती हाताच्या दाबाखेरीज चाप सुटू देत नाही. घोडा चढवून आणि अंगठ्याची कळ लावून हे पिस्तुल बाळगण्याचा प्रघात या कळांच्या भरवशावरच आहे. योजना फार हुशारीची. पण मुठीची कळ हात ओळखते, माणूस ओळखत नाही. पाच इंचांत ती जितकी आंधळी, तितकीच साडेतीन इंचांत. मी म्हणालो, ‘सूनबाई, तिघांतले एकही नाही.’

पलीकडे बराच वेळ शांतता होती. पुतण्यासमोर तीन लांब्यांची यादी होती. ज्या प्रश्नावर घराचे भवितव्य अवलंबून, त्याचे उत्तर तीत नव्हतेच. मी एवढेच सांगितले, की पिस्तुलाच्या आधी कुलपाची लोखंडी पेटी घ्या. ती कोठे ठेवायची, तिची खूण कोणापाशी राहील, आणि दुकान बंद केल्यावर पिस्तूल घरी न्यायचे की नाही, हे दोघांनी बसून ठरवा. त्यात एकमत झाले, तर नमुन्याचा निर्णय पाच मिनिटांचा आहे.

या गोष्टीला दोन महिने झाले. पेटी दुकानात भिंतीला पक्की बसविली आहे, असे परवाच्या पत्रात आहे. पिस्तूल अद्याप आलेले नाही. सध्या तीत दिवसाचा गल्ला ठेवतात.