कॉलमन कुठल्या खिडकीवर ठोकणार?

गेले दोन शनिवार इथे काहीच टाकलं नाही. एकदोघांनी विचारलं, बाकीच्यांना काही फरक पडला नाही (नोंद घेतली आहे!). कारण एकच. ऑफिसात एक यंत्र झोपत होतं आणि उठत नव्हतं, त्यामुळे मी उठत होतो आणि झोपत नव्हतो.

यंत्र म्हणजे गोदामात बारकोड वाचायला वापरतात तसलं, हातात मावणारं. आत एआरएमची चिप, त्यावर लिनक्स. वापर नसेल तेव्हा ते गाढ झोपतं. म्हणजे रॅममधला मजकूर टिकण्यापुरता करंट चालू, बाकी चिपचे बहुतेक भाग चक्क बंद. बटण दाबलं की क्षणात जागं व्हायचं, अशी अपेक्षा. आमचं यंत्र झोपायचं एकदम गुणी बाळासारखं. नंतर बटण दाबा, हलवा, शिव्या द्या, ढिम्म! शेवटी बॅटरी काढून परत घालायची.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या, मी रागावणार नाही.

इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरच्या खांद्यावर मारलेली थाप. 'बटण दाबलंय, बघ.' जागेपणी कुणीही थाप मारली तरी चालते. पण झोपेत थाप मोजणारा इंटरप्ट कंट्रोलरसुद्धा बंद असू शकतो. तेव्हा चालू राहतो तो एक छोटासा कोपरा, ज्याला आम्ही ऑलवेज-ऑन म्हणतो. झोपलेल्या चिपला उठवायचं तर थाप तिथपर्यंत पोचली पाहिजे. आणि कुठली तार कुठे जाते हे कर्नलला आपोआप कळत नाही. यूएसबीची वस्तू खोचली की ती स्वतःची ओळख सांगते. बोर्डावर सोल्डर केलेली चिप बिचारी मुकी असते. म्हणून तिची माहिती डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलमध्ये आपण लिहून द्यायची. पूर्वी एआरएममध्ये हे सगळं प्रत्येक बोर्डाच्या वेगळ्या सी कोडमध्ये कोंबलेलं असायचं. 2011 साली लिनस टोरवाल्ड्सने त्या पसाऱ्यावरून एआरएमवाल्यांची जाहीर खरडपट्टी काढली आणि मग मंडळी जोरात डिव्हाइस ट्रीकडे वळली.

त्या फाइलमध्ये 'वेकअप-सोर्स' असा एक शब्द असतो. त्याला किंमत-बिंमत काही नाही, नुसता लिहायचा. अर्थ: हे उपकरण झोपलेल्या सिस्टिमला उठवू शकतं. मी पहिल्या दिवशी तो 'वेकअप-सोर्सेस' असा लिहिला होता. चूक कुणीच दाखवली नाही! कंपायलरला अनोळखी शब्द दिसला की तो निमूटपणे पुढे नेतो आणि कर्नल तो निमूटपणे वाचत नाही. (स्कीमा तपासणीची वेगळी आज्ञा असते, ती चालवली असती तर पकडलं असतं. चालवली नव्हती.) स्पेलिंग सुधारलं, तरी यंत्र ढिम्मच.

मग मी ते केलं जे सॉफ्टवेअरवाले वर्षानुवर्षं करत आले आहेत. 'हा हार्डवेअर इश्यू आहे' अशी मेल टाकली. सीसीमध्ये अर्धी कंपनी.

मेल टाकून गप्प बसवेना, म्हणून पुढचा शहाणपणा. दिसेल त्या उपकरणाला 'वेकअप-सोर्स' चिकटवून टाकलं. बटणं, टच, चार्जर, हालचाल ओळखणारा सेन्सर, सगळे. आणि यंत्र उठलं! मी टपरीवर जाऊन स्वतःलाच कटिंग पाजली. आमच्या टेस्टरने ते यंत्र स्कूटीच्या डिकीत टाकून घरी नेलं. सकाळी बॅटरी 11 टक्के. प्रत्येक खड्ड्याला सेन्सर उठवत होता, रात्री पिशवीतल्या डब्याला टेकून टच उठवत होता. कर्नल 'पीएम_वेकअप_आयआरक्यू' नावाच्या फाइलमध्ये शेवटी कुणी उठवलं त्या इंटरप्टचा नंबर ठेवतो. रात्रभराचे नंबर काढून बघितले. सगळ्यांनी हजेरी लावली होती, फक्त बटणं सोडून. म्हणजे ज्याने उठवायला हवं तो अजूनही मुका, आणि बाकीचं गाव दार वाजवतंय.

इथे मला आमचं क्वार्टर आठवलं.

बाबा रेल्वेत गार्ड होते, मालगाडीवर. आम्ही एका जंक्शनच्या गावी रेल्वे कॉलनीत राहायचो. तेव्हा घरोघरी मोबाइल नव्हते. ड्यूटी लागली की कॉलमन सायकलवर घरी यायचा, दार वाजवायचा, बाबा उठून त्याच्या वहीत सही करायचे. रात्रीचे दोन असोत नाहीतर चार. गंमत म्हणजे बाबांची झोप दगडासारखी. मागून गाड्या धडधडत जायच्या, शेजारी लग्नाचा बँड वाजायचा, आम्ही भावंडं एकमेकांच्या उरावर बसायचो, बाबा हलायचे नाहीत. पण कॉलमनने मागच्या खिडकीच्या गजावर किल्लीने टक् केलं की पहिल्या टकला 'आलो रे!' पुढच्या दाराशी कितीही ठोका, ऐकू यायचं नाही. बाबा मागच्या खोलीत झोपायचे आणि कॉलमनला ते माहीत होतं.

मी तिसरीत असताना आम्ही दुसऱ्या लाइनीतल्या क्वार्टरमध्ये गेलो. सामान हललं, रेशन कार्ड हललं, दूधवाल्याला सांगून झालं. कॉल ऑफिसच्या रजिस्टरमध्ये नवीन नंबर लिहून द्यायचं मात्र बाबा विसरले. त्याच आठवड्यात कॉलमनने रात्री जुन्या क्वार्टरच्या खिडकीवर बराच वेळ टक् टक् केलं. तिथे कुणीच नव्हतं. गाडीला दुसरा गार्ड शोधावा लागला आणि बाबांना लेखी उत्तर द्यावं लागलं. बाबा त्या रात्री घरीच होते हो, जागे होण्याच्या पूर्ण तयारीत. तो कागद लिहिताना त्यांचा चेहरा कसा झाला होता ते अजून आठवतं.

तर, खिडकी. दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच बोर्डाचं सर्किट पहिल्या पानापासून वाचलं. चौदाव्या पानावर दिसलं: बटणांच्या कंट्रोलरमधून एक नाही, दोन तारा निघत होत्या. एक नेहमीच्या जीपीआयओ बँकेत, जी गाढ झोपेत बंद होते. दुसरी थेट ऑलवेज-ऑन कोपऱ्यात. ती खास उठवण्यासाठीच ओढली होती, शेजारी बारीक अक्षरात 'वेक' असं लिहिलेलंही होतं. मी फाइलमध्ये पहिलीच तार लिहिली होती. कर्नल झोपण्याआधी 'या तारेवरून उठव' असं इमानदारीत सांगत होता. ती बँक 'नाही जमत' म्हणत असणार, पण ते उत्तर तपासणारं कुणी नव्हतं.

दुरुस्ती चार ओळींची. दोन तारा दोन वेगळ्या कंट्रोलरकडे जातात, म्हणून साधं 'इंटरप्ट्स' चालत नाही, 'इंटरप्ट्स-एक्स्टेंडेड' लिहावं लागतं. मग 'इंटरप्ट-नेम्स'मध्ये पहिलीचं नाव 'आयआरक्यू', दुसरीचं 'वेकअप'. कंट्रोलर आयटूसीवर असल्याने पुढचं सगळं कर्नलचा आयटूसीचा गाभाच करतो. 'वेकअप' नावाची तार शोधतो आणि झोपेपुरती तीच उठवणारी म्हणून नेमतो. ड्रायव्हरची एक ओळ बदलली नाही. सेन्सर आणि टचवरचे शिक्के काढले, चार्जरचा ठेवला. बटण दाबलं. उठलं. रात्रभर डिकीत ठेवलं, सकाळी 97 टक्के.

मग हार्डवेअरच्या मॅडमच्या जागेवर गेलो. "मॅडम, चूक माझी होती. ती वेक लाइन मी बघितलीच नव्हती."

त्यांनी मॉनिटरवरून नजर न काढता विचारलं, "अरे, सॉरीची मेल पण सगळ्यांना सीसी करणारेस ना?"

केली. आयुष्यात एवढी छोटी मेल लिहायला एवढा वेळ कधी लागला नव्हता.

रात्री घरी फोन केला. बाबांना रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी दोन-अडीचला जाग येते म्हणतात. आता कुणी ठोकत नाही, तरीही. त्यांना सगळी कथा सांगितली, अर्थात डिव्हाइस ट्री वगळून.

"म्हणजे रजिस्टर तुझ्याकडे होतं?" बाबा.

"हो."

"आणि बोल लावलास कॉलमनला?"

"... हो बाबा."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "त्या जुन्या क्वार्टरच्या वेळी मीपण आधी कॉलमनलाच ओरडलो होतो. दुसऱ्या दिवशी घरी बोलावून चहा पाजला त्याला. तू मॅडमना चहा विचारलास का?"

नाही विचारला. सोमवारी विचारतो.