बगळा जळू देऊ नका!

दोस्तांनो, श्रावणात नाशिकहून त्र्यंबकेश्वरमार्गे मोखाड्याला निघालात, तर एस.टी.ची खिडकी अजिबात सोडू नका. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, त्यांच्या वर वरकस जमिनीत नागली आणि वरई. मोखाड्याच्या पुढे जव्हार, म्हणजे मुकणे राजांचं जुनं संस्थान. हे दोन्ही तालुके आधी ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. जव्हारचा राजवाडा बघा, दाभोशाचा धबधबा बघा. पण आज आपण निघालोय बगळ्यांकडे, आणि तेही कॅमेरा घेऊन.

"बगळा? त्यात काय एवढं!" काढून तर बघा! सर ओसरते, ढग फाटतात, लख्ख ऊन पडतं. खाचरात एक बगळा ध्यान लावून उभा. तुम्ही बटण दाबता आणि फोटोत येतो हिरव्या भातात पडलेला कागदाचा कपटा. ना पिसं, ना पंखाची घडी.

असं का होतं? कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी असणार, असं धरून चालतो. खाचरात गर्द भात आणि काळपट चिखल भरपूर, बगळा इवलासा. त्याला वाटतं, इथे अंधारच फार! मग तो जादा प्रकाश आत घेतो. चिखल छान उठून दिसतो, बगळा मात्र जळतो. एकदा पिसं अशी जळाली की संगणकावर कितीही खटपट करा, ती परत येत नाहीत. उलट बगळ्याने चौकट भरून टाकली, तर कॅमेरा प्रकाश कमी घेतो आणि बगळा मळकट दिसतो.

तेव्हा कॅमेऱ्याचं ऐकायचं नाही, बगळ्याकडे बघायचं. मोबाइल असेल तर पडद्यावर बगळ्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये सूर्याची खूण उमटते, ती खाली ओढा. पिसांच्या रेघा दिसू लागल्या की थांबा. मोठा कॅमेरा असेल तर भर उन्हात आयएसओ १००, छिद्र एफ ८ आणि शटर सेकंदाचा हजारावा भाग, इथून सुरुवात करा. चिखल काळा आला तरी चालेल, आपण चिखलाचा फोटो काढायला आलेलो नाही! सूर्य पाठीशी ठेवा, सकाळी लवकर जा. आणि सूर्यावर एखादा पातळ ढग आला तर सोडू नका. त्या मऊ उजेडात पीस न् पीस दिसतं. तेवढ्यापुरतं शटर थोडं सावकाश करा.

श्रावणातच का? कारण हा त्यांचा विणीचा काळ. लहान बगळ्याच्या पाठीवर जाळीसारखी नाजूक पिसं येतात, डोक्यामागे दोन लांब तुरे. याच पिसांपायी एके काळी जगभर असंख्य बगळे मारले गेले. युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या टोप्यांवर ती खोवायची फॅशन होती! भारतातून पिसांच्या निर्यातीवर १९०२ साली बंदी आली. ज्या धाग्यांसाठी पक्ष्यांचे जीव गेले, तेच धागे जादा उजेडात सर्वांत आधी पुसले जातात.

बगळा कोणता, हेही टिपा. चोच काळी, पाय काळे पण पंजे पिवळे, तो लहान बगळा. पाण्यात पंजा थरथरवून तो मासे-किडे हुसकावतो. पिवळी चोच आणि या दिवसांत डोक्या-पाठीवर नारिंगी झाक, तो गायबगळा. गुरांच्या खुरांनी उडणारे नाकतोडे हा त्याचा फराळ. गुरांना तो बुजत नाही, गुराख्यालाही फारसा नाही. म्हणून तिथल्या गुराखी पोरांशी आधी दोस्ती करा. त्यांच्या मागून, गुरांच्या चालीने, बांधाबांधावरून चला. रोपं तुडवू नका, लावणीला कंबर मोडून घेतलेली असते लोकांनी.

घरट्यांच्या झाडाजवळ मात्र कॅमेरा नेऊच नका. मोठे पक्षी घाबरून उडाले की कावळे टपलेलेच असतात, आणि पिल्लांवर ऊन-पाऊस थेट पडतो. खाचरातल्या बगळ्यानेही मान ताठ करून तुमच्याकडे पाहिलं, तर जागच्या जागी बसा. थोड्या वेळाने तो पुन्हा चिखलात चोच घालतो. तोवर बोट बटणावर असू द्या.