अडखळणारें चित्र

आमचे घरीं संगणक एक, पण त्याला पडदे दोन आहेत. एकावर चिरंजीव कचेरीचें काम करितात. दुसरा, आकारानें मोठा, आम्हीं गेल्या दिवाळींत घेतला. एका बाजूस पोथीचें छायाचित्र व दुसऱ्या बाजूस तिची नक्कल, अशी सोय आमच्या दृष्टीस मानवते. त्याची जोडणी आम्हीं कोणाच्याहि मदतीवांचून केली, व तिचा आम्हांस थोडा अभिमानहि होता.

चिरंजीवांची मुंज १९९४ सालीं झाली. तिची व्हीएचएस फीत आतां संगणकावर उतरविली आहे. तींत आमच्या मातोश्री बटूच्या झोळींत भिक्षा घालतात. प्रसंग जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. परंतु त्यांचें चालतें-बोलतें चित्र आमच्यापाशीं तेवढेंच आहे.

यंदा त्यांच्या श्राद्धतिथीस जमलेल्या मंडळींपुढें आम्हीं तें मोठ्या पडद्यावर लाविलें. पाहतों तों चित्र धक्के खाऊं लागलें. मातोश्रींचा हात वर उचलला जाई, थबके, आणि दुसऱ्या क्षणीं झोळीपाशीं दिसे. मधला हात जणूं कोणी गिळून टाकावा! थोरल्या भगिनीच्या डोळ्यांस पाणी आलें. आमचा संताप अनावर झाला. बारा वर्षांच्या नातवास आम्ही सर्वांदेखत म्हणालों, "तुझ्या त्या खेळांनीं यंत्राचें वाटोळें केलें!" पोर एक शब्दहि न बोलतां आंत निघून गेलें.

रात्रीं झोंप आली नाहीं. कारण असतां कार्य असणें हा अन्वय, कारण नसतां कार्य नसणें हा व्यतिरेक. हे धडे आम्हीं तेहतीस वर्षें मुलांकडून घोकून घेतले. आणि नातवास दोषी ठरवितांना दोहोंपैकीं एकाचीहि परीक्षा घेतली नव्हती!

दुसऱ्या दिवशीं सूनबाईंस सोबत घेऊन आम्ही परीक्षेस बसलों. नियम एकच : एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. प्रथम खेळ व इतर सर्व कार्यक्रम बंद केले. धक्के तसेच! म्हणजे खेळ निर्दोष. तीच फाईल मोबाईलवर लाविली; चित्र सुरळीत. म्हणजे फाईलहि निर्दोष. मग चित्र चिरंजीवांच्या पडद्यावर सरकविलें, सुरळीत. पुन्हां आमच्या पडद्यावर आणलें, धक्के.

सूनबाईंनीं संगणकाची मागील बाजू पाहिली व जरा संकोचानें म्हणाल्या, "मामंजी, त्यांच्या पडद्याची केबल ग्राफिक्स कार्डांत आहे, आपली मात्र मदरबोर्डाच्या पोर्टमध्यें लागली आहे." एक पडदा कार्डावर व दुसरा मदरबोर्डावर असला कीं, एकानें सिद्ध केलेलें चित्र कित्येकदां दुसऱ्याकडे वाहून न्यावें लागतें, आणि त्या ने-आणींत उशीर होतो. केबल कार्डांत लावतांच मोठे धक्के थांबले.

तरी हात हलतांना किंचित् कंप उरलाच. त्याचें कारण साध्या भागाकारांत सांपडलें. आपल्याकडील त्या काळच्या फितींत सेकंदास २५ चित्रें असत. आमचा पडदा सेकंदास ६० वेळां नवा होतो. ६० ला २५ नें निःशेष भाग जात नाहीं; म्हणून एक चित्र दोन वेळां, तर दुसरें तीन वेळां दिसतें. पडद्यास ५० ची गति देण्याची सोय होती. ती देतांच प्रत्येक चित्राच्या वांट्यास दोन वेळा सारख्या आल्या.

यंत्राचा दोष निघाला. आमचा उरला होता. ज्यांच्यादेखत नातवास बोललों, ती मंडळी अद्याप घरींच होती. रात्रीं पानें मांडलीं तेव्हां, जेवावयास बसण्यापूर्वीं, आम्हीं त्यास जवळ बोलाविलें व म्हटलें, "बाळ, केबल आम्हींच चुकीच्या ठिकाणीं लाविली होती. तुझा कांहीं अपराध नव्हता." बोलतांना घसा दाटला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

पोरानें मान खालीं घातली. मग म्हणाला, "आजोबा, पणजीचा व्हिडिओ जेवणानंतर मी लावूं?"

त्यानेंच तो लाविला. मातोश्रींचा हात उचलला गेला, आणि या खेपेस कोठेंहि न अडखळतां झोळीपर्यंत पोंचला.