पन्नाशी आणि पोट

आज कट्ट्यावर पुन्हा तोच विषय: वय झालं की पोट सुटायचंच. मला हे पटत नाही. 2021 साली 'सायन्स' नियतकालिकात सहा हजारांहून अधिक माणसांचा अभ्यास आला. शरीराचं आकारमान जमेस धरलं, तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जाखर्च जवळजवळ तसाच राहतो, असं त्यात दिसलं. मग पन्नाशीत कपडे कमरेत का घट्ट होतात? लोकलसाठीची धावपळ संपली, जिन्याची जागा लिफ्टनं घेतली, भाजीसुद्धा दारात येते. ताट मात्र तेवढंच, वर चहासोबत खारी! त्यात तिशीनंतर स्नायू हळूहळू झडतात, बसून राहिलं तर जास्तच. काटा तोच आकडा दाखवतो आणि स्नायूंच्या जागी चरबी येऊन बसलेली असते. म्हणून मी टेपवर विश्वास ठेवते. आपल्याकडे कमरेची मर्यादा पुरुषांना 90, बायकांना 80 सेंटिमीटर.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालण्याइतकी हालचाल सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. हे दुसरं आमच्यात कुणीच करत नाही. बागेत गप्पा मारत रेंगाळणं तर चालण्यात धरूच नये. थोडा दम लागायला हवा. गुडघे कुरकुरत असतील तर डॉक्टरांना विचारा, पण खुर्ची सोडा.