मागे राहिलेल्यांचा प्रवास

येवल्यातले कुटुंब प्रवासाला निघते तेव्हा सगळेच्या सगळे क्वचितच निघते. कोणीतरी घरी राहतेच. पैठणी विणणाऱ्याच्या घरात मागावर अर्धा पदर झालेला असतो आणि गिऱ्हाइकाला तारीख दिलेली असते. मळ्यात राहणाऱ्याच्या दावणीला गाय असते, चाळीत कांदा असतो. तालुका अवर्षणाचा, त्यामुळे गावात राहणाऱ्याला नळाला पाणी येण्याचा दिवस चुकवून चालत नाही. शिवाय एखादी आजी गुडघ्यांपायी आणि एखादा नातू दहावीपायी मागे राहतो. लग्न होऊन गेलेल्या लेकी आणि पोटापाण्यासाठी सुरत-पुण्याला गेलेले भाऊ तर आधीपासूनच लांब असतात. प्रवासाची हकिकत कळवण्याच्या साऱ्या रीती, जुन्या आणि नव्या, या माणसांसाठी निघाल्या.

त्यातली सर्वांत जुनी रीत मावंद्याची. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली झाला, येवला त्यावरचे स्टेशन ठरले आणि मनमाडला गाडी बदलून काशी-प्रयाग गाठता येऊ लागले. यात्रेकरू परतला की गंगेच्या पाण्याच्या गडूची पूजा होई आणि भाऊबंद, सोयरे, शेजारी यांना जेवण घातले जाई. त्या पंगतीत आणि पंगतीनंतरच्या पानसुपारीत प्रवास सांगितला जाई. तो एकदाच आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत. धर्मशाळेतली भांडणे गाळून, पंड्यांचे उपद्रव थोडे वाढवून सांगण्याची मुभा असे, कारण पडताळायला कोणी जाणार नसे. प्रवास आणि हकिकत यांच्यात पुष्कळदा मोठे अंतर पडे. येवल्यात जन्मलेले तात्या टोपे ज्या १८५७ च्या धामधुमीत लढत होते, तिच्यातूनच गोडसे भटजी वाट काढत हिंडले. त्यांनी ते सारे बऱ्याच वर्षांनी लिहून काढले आणि ‘माझा प्रवास’ छापून आले ते १९०७ साली. एवढ्या उशिरा सांगितलेली हकिकत फिकी मात्र झाली नाही.

१९७०च्या आसपास येवल्यात जन्मलेल्या माणसाच्या वाट्याला हकिकतीच्या जवळजवळ सगळ्या रीती आल्या. त्याचे बालपण एसटीच्या खिडकीशी गेले. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत मामाच्या गावाला जाणे म्हणजे एसटीने जाणे, असे समीकरण झाले. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, हाफ तिकिटासाठी पोराचे वय एक वर्षाने कमी सांगायचे, बांधून घेतलेली चटणी-भाकरी मनमाडच्या आतच संपवायची. घरून निघताना एकच ताकीद मिळे : पोचल्याचे पत्र टाका.

ते पत्र बहुधा पोस्टकार्ड असे. इनलँड लेटर १९५० मध्ये आले, पण घरातल्या गोष्टी असल्या तरच त्याचा खर्च. ‘शि. सा. न. वि. वि.’ने सुरुवात, ‘आम्ही सर्वजण सुखरूप पोचलो’ हे दुसरे वाक्य, मग पाऊसपाणी, कोणाच्या मुलीला स्थळ आले आहे त्याची कुणकुण आणि शेवटी लहानांस आशीर्वाद. जागा संपली की मजकूर समासात उभा चढे आणि वाचणाऱ्याला कार्ड फिरवत बसावे लागे. चार दिवसांच्या मुक्कामाचे पत्र कधी कधी पाहुणे घरी परतल्यावर पोस्टमन आणून देई, आणि तरीही ते मोठ्याने वाचले जाई. वाचून झाले की कार्ड भिंतीवरच्या वाकड्या तारेत खोचले जाई. तार हा शब्द दुसऱ्या अर्थाने मात्र कोणालाच नको असे. दारात तारवाला दिसला की आतल्या बायका आधी रडू लागत, मजकूर मागून कळे. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा तिची आठवण काढणारे बरेच निघाले. तिची वाट पाहिलेला कोणी नसावा.

टेलिफोनचा काळ त्यामानाने थोडका. गल्लीत एका घरी फोन असे आणि बाकीचे लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या कार्डावर तोच क्रमांक ‘पी. पी.’ लिहून छापत. मग पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. रात्री उशिरा दर उतरत म्हणून जेवणे उरकून लोक रांगेत उभे राहत आणि लाल आकडे पळताना पाहून बोलणे आवरते घेत. त्या धाकाने संभाषणातून पाऊसपाणी गळाले, खुशाली तेवढी उरली. मोबाइलने ती आणखी आखडली. २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला, तरी करणाऱ्याला पैसे पडतच होते. त्यावर तोडगा निघाला मिस कॉलचा : एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे परत फोन करा. एक पैसा न देता आईला झोप लागावी अशी ही सोय कोणत्याही कंपनीने काढलेली नव्हती.

याच सुमाराला प्रवासाचे वाहन बदलले. ट्रॅक्स, सुमो अशा गाड्या भाड्याने मिळू लागल्या आणि वणीची सप्तशृंगी, चंदनपुरीचा खंडोबा, वेरूळ, शनिशिंगणापूर एका दिवसात किंवा दीड दिवसात होऊ लागले. एसटीत कितीही माणसे मावतात. गाडीत जागा मोजक्या, आणि इथून एक नवाच प्रश्न उभा राहिला : कोणाला न्यायचे? दहाच्या गाडीत चौदा बसवूनही चुलतघर सुटे. म्हणून पहाटे चारला, शेजार जागा व्हायच्या आत निघायचे आणि चार दिवसांनी प्रसादाची पुडी घेऊन चुलत्यांकडे जायचे, “अचानकच ठरलं, काका” म्हणायचे. काकांना ते पटत नसे, पण मान राखला गेलेला असे. नाती टिकवण्यात अशा अर्धवट लपवालपवीचा वाटा मोठा होता, हे कोणी कबूल करत नाही.

ही लपवालपवी व्हॉट्सॲपच्या ग्रुपने मोडली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत येवल्यातल्या बहुतेक घरांचा आपापला ग्रुप तयार झाला. नाव साधारणपणे आडनावाला ‘परिवार’ जोडून, चित्र कुलदैवताचे. वणीची फेरी अशा ग्रुपवर कशी दिसते ते पाहण्याजोगे आहे. पहिला फोटो गाडीचा, बॉनेटवर हार आणि चाकाखाली लिंबू. मग विंचूरचा चहा, कपांचाच फोटो. निफाड आणि पिंपळगाव बसवंत द्राक्षबागांवरून ओळखू येतात. नांदुरीला घाट सुरू झाला की मागच्या सीटवरच्या पोरीला मळमळते, त्याचाही व्हिडिओ येतो आणि तिची आत्या पुण्याहून लिहिते, “आवळासुपारी द्या तिला.” मग बराच वेळ काही येत नाही. येवल्यात माग चालवत बसलेला भाऊ हात पुसून दोनदा फोन पाहतो. आजीला टाइप करता येत नाही, ती बटण दाबून धरते आणि बोलते, “पोचले का रे? उत्तर द्या की.” गडावरचा सगळ्यांचा फोटो आला की घरी देवापुढे दिवा लागतो.

त्या गडावर पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. २०१८ मध्ये फनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि गुडघ्यांपायी मागे राहणाऱ्या आज्या गडावरच्या फोटोत दिसू लागल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. त्यामुळे आता एखादी मावशीच एकटी नाशिकला जाते आणि खिडकीजवळच्या सीटवरून आपला फोटो टाकते. मागे राहणाऱ्यांची यादी बदलली ती अशी. माग, गाय आणि दहावी मात्र यादीत कायम आहेत.

ग्रुपने जोडले तसे दुखावलेही. ज्या चुलतघराला पूर्वी प्रसाद मिळाल्यावर कळे, त्याला आता लिंबू चाकाखाली असतानाच कळते. गाडीत कोण आहे आणि कोण नाही हे फोटोत मोजता येते. नाराजी बोलून दाखवली जात नाही. फोटो पाहिल्याच्या निळ्या खुणा उमटतात, पण अंगठा येत नाही, आणि न आलेल्या अंगठ्याचा अर्थ प्रत्येकाला कळतो. फारच झाले तर कोणी ग्रुप सोडते. पूर्वी अबोला धरला तर तो दोन घरांत राहायचा. ग्रुपवर मात्र २०२२ पर्यंत अमुक यांनी ग्रुप सोडला ही ओळ पन्नास घरांत एकदम वाचली जाई, परदेशातल्या भाच्यासकट. यावर घरोघरी निघालेला उपाय म्हणजे दुसरा, लहान ग्रुप. सहलीचे फोटो तिथे, वाढदिवसाचे मोठ्या ग्रुपवर. उपाय चांगला नाही, पण चालतो.

खरे पाहता सहल वर्षातून एक-दोनदा घडते आणि ग्रुप रोज चालतो तो साध्या गोष्टींवर. सुप्रभात आणि फुले सोडून द्यावीत; ती कोणी पाहत नाही. कांद्याचा भाव मात्र सगळे पाहतात. येवला, अंदरसूल, लासलगाव या बाजारांतले आजचे दर दुपारपर्यंत ग्रुपवर असतात आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या जावयालाही सासऱ्यांचा मूड त्यावरून कळतो. विणकराच्या घरातून पदराचा फोटो येतो : आज मोराची मान झाली, उद्या पिसारा. पुतणीच्या लग्नाची पैठणी महिना-दोन महिने अशी वीत-वीत पुढे सरकताना सगळे नातलग पाहतात. कोण हिरवा काठ मागते, कोण मुनिया घाला म्हणते, आणि विणणारा कोणाचेच ऐकत नाही.

संक्रांतीचे तीन दिवस याहून निराळे. भोगी, संक्रांत आणि कर हे तिन्ही दिवस येवला पतंगांसाठी गच्चीवर असते. हलकडी या वाद्याचा ताल, हातात मांज्याची आसारी, मान वर. लग्न होऊन गेलेल्या मुलींना संक्रांत सासरी, म्हणून हा सण त्यांच्या वाट्याचा कायमचा सुटे. २०१६ च्या अखेरीला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांतल्या किती तरी जणींनी सासरच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता फोन डब्याला टेकवून माहेरची गच्ची पाहिली. पतंग फोनमध्ये दिसत नाही. आकाश नुसते पांढरे येते. हलकडी ऐकू येते, भावाची आरोळी ऐकू येते, तेवढ्यावर त्या ओळखतात की कोणाचा कटला. रंगपंचमीला टिळक मैदानातले रंगांचे सामनेही असेच दूरवर पोहोचतात, पण तिथे फोन भिजण्याची भीती असल्याने चित्रीकरण आखूड असते.

२०२० च्या टाळेबंदीत याच सोयीचा दुसरा उपयोग झाला. मोजक्या माणसांत अंत्यविधी उरकले गेले आणि बाकीच्या नातलगांनी दहावे-तेरावे फोनवर पाहिले. सांत्वनाला जाऊन नुसते बसून राहण्याची जी रीत आहे, तिला पडद्यावर जागा नाही हे तेव्हा सगळ्यांना कळले.

रस्ते सुधारले तसा मजकूरही बदलला. नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये. विदर्भातल्या नातेवाइकांना येवला आता शिर्डी-कोपरगावच्या अंगाने जवळ पडते. पण या रस्त्यावर गावे लागत नाहीत, टपरी लागत नाही, त्यामुळे ग्रुपवर येतात ते दोनच निरोप : निघालो, शिर्डीला उतरलो. मधल्या काळात तरुण चालक वेगाच्या काट्याचा फोटो टाकतात. तो टाकू नये, टाकलाच तर त्याला शाबासकी देऊ नये. घराला कुलूप असताना रोजचे मुक्काम स्टेटसवर जाहीर करणे हाही तसाच प्रकार. पोलिस दर सुट्टीत हे सांगतात आणि दर सुट्टीत लोक विसरतात. रात्री उशिरा एकट्या निघालेल्या मुलीने आईला आपले चालते ठिकाण कळत ठेवावे, ही मात्र २०१७ पासून मिळालेली खरी सोय आहे.

एक नुकसान अजून कोणाच्या फारसे ध्यानात आलेले नाही. तारेत खोचलेली पोस्टकार्डे अनेक घरांत आजही सापडतात, अक्षर लागते, शिक्क्यावरची तारीखही लागते. ग्रुपवरचे फोटो फोनची जागा भरली की आधी पुसले जातात आणि फोन बदलला की उरलेले जातात. आजीचा आवाजही त्यांतच जातो. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत एक काम वाढवावे : वर्षभरातले दहा-वीस फोटो निवडून छापून घ्यावेत आणि मागे पेन्सिलीने गाव, साल आणि माणसांची नावे लिहावीत. फोटो ज्याने काढला आणि ज्याला घरी राहावे लागले, त्यांचीही.